सिकलसेल आणि अपंगत्वाचा कायदा

नागपूरच्या डॉक्टरांना सिकलसेल नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापून आला होता. कायद्याला मात्र हा आजार दिसायला आणखी ५८ वर्षं लागली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, त्यांत रक्ताचा एकही आजार नव्हता. हाडं दुखून आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळणारा मुलगा एरवी धडधाकट दिसतो, म्हणून तो कागदोपत्री निरोगीच!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो.

नोकरीत गोम आहे. कलम ३४ नुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, पण त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. पालक हे ऐकून चकित होतात. कलम २० मात्र लागू पडतं: सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं (सिकलसेलमध्ये खुबा निकामी होऊ शकतो), तर तेवढ्यावरून कामावरून काढता येत नाही. झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं.