मुलाचा ताबा आणि जाणकारांचें साह्य

पनवेलांतील आईबापांत मुलाच्या ताब्यावरून तंटा पेटला, म्हणजे पूर्वीं १८९० च्या पालक-पाल्य कायद्यान्वयें प्रकरण अलिबागच्या जिल्हा न्यायालयांत जाई. मुलाचें हित पाहावें, तें जाणतें असल्यास त्याचा कलही पाहावा, असें त्यांतील कलम १७ सांगतें. पण तें हित ताडावें कोणीं? वकील बोलूनचालून आपल्या पक्षकाराचा!

ही उणीव १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें हेरली. समुपदेशकांची योजना झाली; डॉक्टर व कुटुंबकल्याणाचे जाणकार, त्यांतही शक्यतों स्त्री, यांचें साह्य न्यायाधीशांस घेतां येऊं लागलें; वकील देण्याचा हक्क मात्र उरला नाहीं. हें धाडसच. मुंबईंत असें न्यायालय १९८९ सालीं उघडलें. तेथील समुपदेशक आईनें नेमलेला नसतो, बापानेंही नाहीं.