वैशाखांतील खुडूक कोंबडी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें पूर्वेस निघालें कीं हडपसर लागतें. आज तें शहरांत मिसळून गेलें आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खडकवासल्याच्या धरणाचें पाणी मुठा उजव्या कालव्यानें या बाजूस आलें, आणि पुढें कित्येक वर्षें शहराला भाजीपाला पुरविणारा मुलूख अशीच या भागाची ओळख होती. मळ्यावर वस्ती आली कीं गोठा येतो, आणि गोठ्याच्या आडोशाला कोंबड्यांचें खुराडें येतें. अशा वस्तीवरील गृहिणीपुढें दर उन्हाळ्यांत एक प्रश्न उभा राहतो : ऐन चैत्र-वैशाखांत कोंबडी खुडूक झाली, तर तिला बसूं द्यावें कीं उठवावें? प्रश्न लहान दिसतो खरा. पण मनुष्यानें त्याला दिलेल्या उत्तरांचा इतिहास फार मोठा आहे.

देशी कोंबडी दहा-पंधरा अंडीं घालते आणि मग खुडूक होते. ती अंडीं देणें थांबविते, एका कोपऱ्यांत अंग पसरून बसते, जवळ गेलेल्या हातावर चोंच मारते, आणि दाणापाण्यासाठीं दिवसांतून एखादे वेळींच उठते. एकवीस दिवस ऊब देणें आणि त्यानंतर कांहीं आठवडे पिलें सांभाळणें, यांत तिचा बराच काळ जातो. म्हणून वर्षाकांठीं तिचीं अंडीं पन्नास-साठांच्या फारशीं वर जात नाहींत. तरीही पूर्वीं हा दोष मानला जात नसे. जी कोंबडी खुडूक होत नाहीं तिच्यापासून पुढची पिढी कोठून मिळणार? अंड्याचा पैसा आजचा, पिलांचा पैसा उद्यांचा. आणि तो बहुधा घरांतील स्त्रीच्याच हातीं येत असे.

अडचण येते ती उन्हाळ्यांत. अंड्यांतील जीवाची वाढ 38 अंश सेल्सिअसच्या आसपास नीट होते; पण तीस अंशांच्या आंतबाहेरही ती अडखळत सुरू होऊं शकते. एप्रिलमध्यें पुण्याचा पारा दुपारीं 38 अंशांपर्यंत सहज चढतो आणि रात्रीं बराच उतरतो. पंधरा दिवस सांठवून ठेवलेल्या अंड्यांतील जीव दिवसा जागा होतो, रात्रीं थबकतो, आणि कोंबडी बसण्यापूर्वींच कित्येकदां मरून जातो. इकडे कोंबडीचेंही हाल होतात. तिच्या शरीराची उष्णता मुळांतच 41 अंशांच्या घरांत. तिला घाम येत नाहीं. चोंच उघडी टाकून धापा टाकणें एवढाच तिला उपाय. पत्र्याखालच्या कोंदट कोपऱ्यांत ती उठत नाहीं, पाणी पीत नाहीं, उवा-गोचिडांनीं पोखरली जाते, आणि पुष्कळदां अंड्यांवरच प्राण सोडते. म्हणजे अंडीं, पिलें आणि कोंबडी या तिहींचें नुकसान एकदमच होतें.

यावर खेडोपाडीं अनेक तोडगे चालत आले आहेत. कोणी कोंबडीला थंड पाण्यांत बुडवितात, कोणी तिच्या नाकपुडींत पीस ओवतात, कोणी डालग्याखालीं उपाशी कोंडतात. यांतील पाण्याच्या तोडग्यांत सत्याचा अंश आहे. शेवटचे दोन मात्र निव्वळ छळाचे, आणि उपाशी-तहानेनें कोंडणें तर उन्हाळ्यांत प्राणघातकच होय. खुडूकपणा हा हट्ट नव्हे, ती शरीराची अवस्था आहे. 1935 सालीं अमेरिकेंत ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रोलॅक्टिन नांवाचा शरीरांतील स्राव टोंचून कोंबड्यांस खुडूक करून दाखविलें. अंड्यांवर टेकलेल्या उघड्या पोटाला ऊब व स्पर्श मिळत राहिला कीं हा स्राव टिकतो. तो तुटला कीं ओसरतो. म्हणून जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच व सावलींत टांगलेल्या पिंजऱ्यांत तिला तीन-चार दिवस भरपूर दाणापाण्यासह ठेवावें. खालून वारा लागला कीं ती आपोआप ताळ्यावर येते आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हां अंडीं घालूं लागते. बसवावयाचीच असेल, तर ताजीं व थोडींच अंडीं घ्यावीं, खालीं ओलसर मातीचा थर द्यावा, आणि संध्याकाळीं बसवावी.

परंतु मनुष्याचें समाधान कोंबडीच्या लहरीवर झालें नाहीं. इजिप्तमध्यें फार प्राचीन काळापासून मातीच्या भट्ट्यांत हजारों अंडीं उबविलीं जात. तेथील कारागीर अंडें पापणीला लावून उष्णता अजमावीत. फ्रान्समध्यें रेओम्यूर या शास्त्रज्ञानें 1749 सालीं या विद्येवर ग्रंथ लिहून तिला उष्णतामापकाची जोड दिली. ऊब देण्याचें काम यंत्रानें उचललें, तेव्हां खुडूकपणाची गरजच सरली आणि जो गुण होता तो दोष ठरला. इटलींतून अमेरिकेंत गेलेली लेगहॉर्न जात निवडीनें अशी घडविली गेली कीं ती सहसा खुडूक होतच नाहीं. तीच पांढरी लेगहॉर्न पुढें आपल्याकडे आली. पुण्याजवळ खडकीस सरकारी अंडी उबवणी केंद्र उभें राहिलें. आणि 1971 सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केल्यावर पुणें हें या धंद्याचें देशांतील एक मुख्य ठाणें झालें. तेथील बीव्ही-300 जातीची कोंबडी वर्षभरांत तीनशेंहून अधिक अंडीं देते. पण पिलें उबविणें तिला ठाऊक नाहीं.

हडपसरलाच या कथेचें एक टोंक पाहावयास सांपडतें. येथें 1966 सालीं सीरम इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. 2009 च्या स्वाइन फ्लूनें पुण्यांत हाहाकार उडविल्यावर तिनें 2010 सालीं नाकांत फवारण्याची लस तयार केली. त्या लसीचा विषाणू वाढविला गेला तो यंत्रांत उबविलेल्या कोंबडीच्या अंड्यांतच. ज्या गांवच्या मळ्यांत गृहिणी खुडूक कोंबडीला जपत होती, तेथेंच कोंबडीवांचून मिळालेली ऊब माणसांच्या प्राणांस उपयोगी पडली.

म्हणून खुडूक कोंबडीचा काळ संपला असें मात्र नव्हे. वनराजा, गिरिराज अशा सुधारलेल्या जातींचीं अंडीं खेड्यांत मिळतात. परंतु त्या कोंबड्या क्वचितच बसतात, आणि ज्या घरीं यंत्र नाहीं, वीज भरंवशाची नाहीं, तेथें तीं अंडीं देशी कोंबडीखालींच ठेवावीं लागतात. हिंवाळ्यांत जी गरीब घराचें यंत्र ठरते, तिला वैशाखांत मारून-कोंडून शिक्षा करणें हा अन्याय तर आहेच, पण तोटाही आहे. तिला सावली, वारा आणि पाणी द्यावें. ऋतु पालटला कीं ती आपलें काम पुन्हां हातीं घेते.