हिमनदीवर लेसरची नजर

ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतात हिंटरआइसफर्नर ही हिमनदी आहे. बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या आधारे तिची वार्षिक घट १९५२-५३ पासून मोजली जाते. काठी मात्र एका ठिकाणापुरतेच सांगते. साऱ्या हिमनदीचा नकाशा मिळावा, यासाठी इन्सब्रुक विद्यापीठाने २००१ मध्ये येथे विमानातून लेसर मोजणी सुरू केली.

विमानातील यंत्र सेकंदाला हजारो लेसर स्पंद खाली सोडते. स्पंद परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. विमानाचे स्थान आणि कल त्याच क्षणी नोंदवला जातो. शुभ्र हिमाच्या हवाई छायाचित्रांत मोजणीसाठी खुणाच सापडत नाहीत. लेसरला ती अडचण नाही. दोन वर्षांचे नकाशे एकमेकांतून वजा केले, की पृष्ठभाग कोठे किती खाली गेला ते दिसते.

खरी गोम पुढेच आहे. लेसर उंची मोजतो, वजन नव्हे. हिमनदीचा घट्ट बर्फ घनमीटरला सुमारे ९०० किलो भरतो. ताजे भुसभुशीत हिम कधी १०० किलोही भरत नाही. म्हणजे उंची तेवढीच घटली, तरी पाणी किती वाहून गेले याचे उत्तर बदलते. त्यासाठी घनता गृहीत धरावी लागते, नाहीतर हिमात खड्डा खणून ती प्रत्यक्ष मोजावी लागते. लेसर आल्यानंतरही हिंटरआइसफर्नरवर काठ्यांची मोजणी चालू राहिली.