डोळ्यामागे ठणका, एकाचे दोन दिसते? वेळ घालवू नका. जाणून घ्या टोलोसा-हंट आजाराविषयी

चंद्रपूर/गडचिरोली : डोळा दुखला की आपल्याकडे आधी थेंब टाकतात, नाहीतर पुजाऱ्याकडे जातात. पण एका बाजूच्या डोळ्यामागे सारखं ठणकत असेल, पापणी खाली पडली असेल, बुबुळ फिरत नसेल आणि एकाचे दोन दिसत असतील, तर हा साधा 'डोळा येणे' नाही.

आजार काय आहे?
डोळ्याच्या मागे, कवटीच्या आत डोळा फिरवणाऱ्या नसा एका लहान जागेतून जातात. तिथे सूज आली की त्या नसा दबतात. १९५४ मध्ये स्पेनचे डॉ. टोलोसा आणि १९६१ मध्ये अमेरिकेचे डॉ. हंट यांनी याची नोंद केली. आजार फार दुर्मिळ आहे, वर्षाला दहा लाखांत साधारण एकाला होतो.

निदान कसे होते?
यासाठी एकच अशी तपासणी नाही. कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय, रक्त तपासणी, गरज पडली तर पाठीतले पाणी तपासतात. गाठ, रक्तवाहिनीचा फुगा, टीबी, शुगर आणि काळी बुरशी हे सगळे नाही, याची आधी खात्री करतात. २०२१ मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीनेही अनेकांचे डोळे असेच दुखले होते.

उपचार
स्टेरॉईड हेच मुख्य औषध. दुखणे बहुतेक तीन दिवसांत उतरते, बुबुळ व पापणी सुधारायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. काहींना आजार परत होतो.

हे लक्षात ठेवा
गावात कोणी इंजेक्शन देतो म्हणून स्टेरॉईड घेऊ नका. बुरशी किंवा टीबी असेल तर ती वाढते, शुगर चढते. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांना स्टेरॉईडनंतर अंगदुखीचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचे कार्ड असेल तर डॉक्टरांना आधी दाखवा.

कुठे जायचे?
आधी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन चंद्रपूरचे शासकीय मेडिकल कॉलेज किंवा नागपूरचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय. आधार व रेशन कार्ड सोबत ठेवा. अचानक भयंकर डोकेदुखी, ताप, डोळ्याला सूज किंवा नजर कमी झाली, तर थांबू नका, १०८ ला फोन लावा.