दुष्काळ, श्रद्धा आणि आशा : पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील कार्याचा विचार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीविषयक सुधारणांच्या इतिहासात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. तथापि त्यांच्या धर्मांतराची चर्चा बहुधा वादाच्या अंगानेच झाली. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने संकटकाळात कोणते रूप धारण केले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दुःखाची पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे सहकुटुंब तीर्थाटन करीत असत. १८७४च्या सुमारास दक्षिण भारतात उपासमारीच्या काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा एकामागून एक मृत्यू झाला. १८८० मध्ये बंधू श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पुढे इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या स्वीकारातही त्यांनी स्वतंत्र बुद्धी गहाण ठेवली नाही. अँग्लिकन धर्मगुरूंशी त्यांचे तात्त्विक मतभेद पत्रव्यवहारातून स्पष्ट दिसतात. धर्म आपणास मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, ही जाणीव पुढे अनेक वर्षांनी झाल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

श्रद्धेची कसोटी

१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथील ख्रिस्ती प्रभावावरून वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. अशा एकाकी अवस्थेत १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भुकेल्या मुली पाहून रमाबाईंना स्वतःची उपासमार आठवली. त्यांनी शेकडो मुलींना आश्रय दिला. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरल्याने त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवावे लागले. यातूनच 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९०० पर्यंत तेथील आश्रितांची संख्या सुमारे १५०० झाली. शिक्षणाबरोबरच शेती, विणकाम, छपाई यांतून मुलींना स्वावलंबनाचे धडे मिळाले.

१९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

समारोप

भुकेलेल्यांना आश्रय देताना धर्मप्रसारही व्हावा काय, हा समकालीन टीकाकारांचा प्रश्न गंभीर होता व तो नाकारता येत नाही. मात्र त्याबरोबरच हेही मान्य करावे लागते की, रमाबाईंची श्रद्धा केवळ सांत्वनापुरती उरली नाही. ज्या भुकेने त्यांचे कुटुंब हिरावले, तिच्याच स्मृतीला त्यांनी अन्न, अक्षर आणि श्रम यांचे रूप दिले. त्यांच्या आशेचा खरा पुरावा त्यांच्या प्रार्थनांइतकाच केडगावच्या त्या शेतात व छापखान्यात शोधावा लागतो.