आमचे भुशी कुठून आले?

परवा पाऊस जरा उघडला म्हणून भुशी धरणापर्यंत चालत गेलो. शनिवार-रविवार सोडून गेले की निवांत बसता येते. पायऱ्यांच्या बाजूचा काळा कातळ ओला चकचकीत झाला होता. त्याच्याकडे पाहता पाहता एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती काही माझ्या फार अभिमानाची नाही.

१९७८ साल असेल. आठवीच्या वर्गात जगाचा नकाशा टांगला होता. एका मुलाने उठून विचारले, "सर, ब्राझीलचा हा कोपरा आफ्रिकेच्या खाचेत बरोब्बर बसतो. हे आधी चिकटलेले होते का?" वर्ग हसला. मीही हसलो! म्हणालो, "जमीन काय होडी आहे तरंगायला? योगायोग आहे, बस खाली." आम्हाला शाळेत शिकवले होते ते असे, की पृथ्वी थंड होताना आकसली, वाळलेल्या फळासारख्या तिला सुरकुत्या पडल्या, आणि तेच पर्वत. मराठी माध्यमातून बी. ए. झालेला मी, तेवढ्याच शिदोरीवर शिकवत होतो.

पुढे वाचनात आले, की हाच प्रश्न १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन माणसाने विद्वानांपुढे मांडला होता. तो हवामानशास्त्रज्ञ. भूगर्भवाल्यांनी त्याला उडवून लावले. त्यांची एक शंका मात्र रास्त होती, की एवढे मोठे खंड हलवणारी शक्ती कोणती? वेगेनरला ते नीट सांगता आले नाही. १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात गेला, पन्नाशीतच. साठच्या दशकात समुद्राचा तळ मधोमध उकलतो आणि दोन्हीकडे सरकतो हे सिद्ध झाले, तेव्हा त्याचे म्हणणे जगाला पटले. म्हणजे मी त्या मुलाला खाली बसवले तेव्हा उत्तर छापून दहा वर्षे झाली होती. असो.

त्या जुन्या जोडलेल्या भूखंडाचे नाव गोंडवन. हे नाव आपल्याच गोंडांच्या मुलखावरून पडले! त्यातून सुटलेला भारत उत्तरेकडे निघाला. वाटेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचत सह्याद्रीचा हा कातळ झाला, आणि आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. तेव्हा आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला होतो, आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला. त्या बेटाखालची आगच इथे वर आली असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. रियुनियनचा ज्वालामुखी अजून धुमसतो, आपण पुढे निघून आलो.

या थरांच्या यादीत 'लोणावळा' नावाचा एक उपगट आहे, आणि त्यात 'खंडाळा' व 'बुशे' असे दोन थर. बुशे हे नाव वाचून आम्हा भुशीकरांचे कान टवकारले नाहीत तरच नवल! त्या थराचा लाव्हा वर येताना जुन्या कवचाचा खडक बराच वितळवून घेऊन आला, असे म्हणतात. कार्ल्या-भाज्याची लेणी कोरणाऱ्यांनी छिन्नी चालवली ती याच लाव्ह्याच्या दगडावर.

पुढे भारत आशियाला भिडला आणि हिमालय उचलला गेला. तो धक्का अजून थांबलेला नाही. आपली भूमी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. हिशेब केला, माझ्या जन्मापासून भुशी तीन-साडेतीन मीटर पुढे गेली. आणि मी म्हणत होतो, आपण आयुष्यभर एकाच गावात राहिलो!

तर सांगायचे म्हणजे, त्या दिवशी धरणावर तोच विद्यार्थी भेटला. आता साठीचा, सोबत नातू. मी त्याला नकाशाची गोष्ट सांगितली, चूक माझी होती म्हणालो. त्याला तो प्रश्न आठवतच नव्हता. "पण सर, वर्ग हसला होता ते आठवतंय," म्हणाला.

मग तिघांनी पायऱ्यांवर बसून मक्याची कणसे खाल्ली.