ठसा, छाप आणि शिक्कामोर्तब

आज आपण 'इंप्रिंट' या इंग्रजी शब्दापासून सुरुवात करू. त्याच्या मुळाशी 'दाबणे' ही लॅटिन क्रिया आहे. पावलाची खूण म्हणजे इंप्रिंट, आणि पुस्तकावर छापलेले प्रकाशकाचे नाव म्हणजेही इंप्रिंटच. हंसाचे पिल्लू जन्मल्यावर जो हलताना दिसेल त्यालाच आई मानते. कॉनराड लॉरेन्झ यांच्या अभ्यासाने ही गोष्ट प्रसिद्ध झाली, तिलाही इंग्रजीत याच शब्दावरून नाव पडले. लॉरेन्झ यांचा स्वतःचा जर्मन शब्द मात्र टांकसाळीतला होता. त्याचा अर्थ नाणे पाडणे.

गंमत बघा, मराठीतही नाणे 'पाडतात' आणि छापही 'पाडतात'. 1674 च्या राज्याभिषेकानंतर रायगडावरून चालू झालेली तांब्याची शिवराई घ्या. दोन ठशांमध्ये चकती ठेवायची, वरून घाव घालायचा. ठसा नाण्यापेक्षा मोठा, म्हणून 'श्री राजा शिव' यातले एखादे अक्षर कडेला कापले जाई. मराठीत दाबणारे साधन म्हणजे ठसा, उमटलेली खूणही ठसाच.

पण खूण कशासाठी उमटवायची? शिवकालीन पत्रावर सुरुवातीला शिक्का असे आणि शेवटी मोर्तब. मोर्तब कशाला, तर मजकूर इथे संपला, पुढे कोणी ओळ घुसडू नये. आज आपण 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो, त्याच्यामागे ही खबरदारी आहे. म्हणजे ठसा हा दिलेल्या शब्दाचा पहारेकरी होता.

आता गडावरून किनाऱ्यावर उतरू. अलिबागजवळ अक्षीला एक शिलालेख आहे. त्यावरचे शक 934 असे वाचले जाते, म्हणजे इ.स. 1012. त्यामुळे तो मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. दगड काही दाबला जात नाही, तो कोरावा लागतो. काटेकोरपणे पाहिले तर हा ठसा नव्हेच. काम मात्र तेच. शिलाहार राजाचा प्रधान भइर्जु याने महालक्ष्मीसाठी नेमून दिलेल्या दानाची ही नोंद. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावे. खाली गाढवाचे शिल्प, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कळावे अशी ही सोय होती.

पुढे झाले काय? कोकणात असे गधेगाळ बरेच आहेत. लेख वाचणारे उरले नाहीत, चित्र मात्र सर्वांना दिसत राहिले. मग लोक अशा दगडांना अपशकुनी म्हणू लागले. वचन विसरले गेले, शिवी तेवढी लक्षात राहिली. अक्षीचा दगडही कित्येक वर्षे रस्त्याकडेला पडून होता.

'छाप पाडणे' आज आम्ही माणसाच्या कौतुकासाठी वापरतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे असे आम्हाला वाटते. खूण उमटवणाऱ्याचे काम घाव घातल्यावर संपते. ती खूण कशाची, हे सांगत राहणे मागच्यांकडे येते. तुमच्या गावात देवळामागे असा दगड असेल, तर तो हलवण्याआधी कोणी जाणत्याकडून वाचून घ्या.